बाबांचे वीस ठोके

जेवणाच्या टेबलाच्या उजव्या पायापासून खिडकीपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर एक फिकट वाट पडली आहे. रुंदी साधारण दीड वीत, लांबी नऊ फरशा. दोन्ही बाजूंच्या फरशांत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेसारखं दिसतं. या वाटेवर ते पुसट होतं, आणि खिडकीपाशी अजिबात दिसत नाही, कारण तिथे माणसाला वळावं लागतं आणि वळताना चपलेचा तळ फरशीवर घासतो.

मी या घरात राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती मला दिसली. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती, नवऱ्याची बदली अजून व्हायची होती, म्हणून मी एकटीच पुढे येऊन सासू-सासऱ्यांकडे राहत होते.

"आई, ही फरशी इथेच कशाने झिजली?" मी विचारलं.

"व्यायामाने," सासूबाई म्हणाल्या. "हे चालतात ना रोज."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे काय? आणि हळू बोल. आत्ताच एकशे चव्वेचाळीस झालेत."

मी टेबलाकडे पाहिलं. माझे सासरे डोळे मिटून खुर्चीत बसले होते. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता. एखादी मॅरेथॉन संपवून आलेल्या माणसाने बसावं तसे मात्र ते बसले होते, हात मांड्यांवर, मान मागे.

बाबा घड्याळजी. घरापासून निघून चढाचा रस्ता संपतो तिथे त्यांचं दुकान, एकेचाळीस वर्षांचं. आठ महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ उघडून त्यावर वाकलेले असताना त्यांना दरदरून घाम आला आणि ते काउंटरवर कोसळले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा होता. डॉक्टरांनी तो काढला आणि चार दिवसांनी घरी सोडताना सांगितलं, "रोज भरभर चाला. मात्र ठोके टप्प्यात ठेवा." तो टप्पा कसा काढायचा, ते एका छापील कागदावर होतं. दोनशे वीसमधून वय वजा करायचं. हे हृदयाचे कमाल ठोके. त्यातून विश्रांतीचे ठोके वजा केले की उरते ती शिल्लक. शिल्लकीचा अर्धा भाग विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवला की टप्प्याची खालची कड मिळते, आणि सत्तर टक्के मिळवले की वरची.

बाबांनी हा हिशेब त्याच संध्याकाळी केला आणि तेव्हापासून दुकान बंद होतं. भिंगं, चिमटे, तेलाच्या इवल्याशा बाटल्या, सगळं जेवणाच्या टेबलावर आलं. गिऱ्हाइकं दोन जिने चढून घड्याळं आणून देत. आम्ही जेवायचो स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, ताट हातात धरून.

"मला काही म्हणायचं नाही," आई मला ताट देता देता म्हणायच्या, आणि म्हणायच्याच. "पण एकेचाळीस वर्षं हे सकाळी साडेनऊला जायचे आणि संध्याकाळी साडेसातला यायचे. मधले दहा तास माझे होते. आता मी माझ्याच घरात पाय न वाजवता फिरते. परवा एक छोटासा स्क्रू हरवला, तर मला तासभर जागचं हलू दिलं नाही. शेवटी सापडला कुठे? यांच्याच बाहीत."

"मग दुकान कधी उघडणार?"

"हृदय म्हणेल तेव्हा. आणि ते चष्मेवाले थांबले तर."

चष्मेवाल्यांचं दुकान बाबांच्या दुकानाला लागून होतं. मधली भिंत पाडून त्यांना दुकान मोठं करायचं होतं. गेले सहा महिने ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येत, चहा घेत आणि विचारत, "काका, मग काय ठरलं?" बाबा म्हणत, "बघू, हृदय काय म्हणतं." या महिन्यात चष्मेवाले चहा न घेताच बोलले. रस्त्याच्या खालच्या अंगाला त्यांना दुसरी जागा मिळत होती. रविवारपर्यंत हो की नाही ते कळायला हवं होतं. नाही म्हणालात तरी राग नाही, ते म्हणाले, पण एकदा काय ते तोंडाने म्हणा.

बाबा म्हणाले, "बघू."

आईंना दुकान उघडलेलं हवं होतं. चष्मेवाल्यांना ते घ्यायचं होतं. बाबांना काय हवं होतं, ते बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळच्या व्यायामाची पद्धत ठरलेली होती. बरोबर आठला बाबा खुर्चीत बसत आणि डॉक्टरांच्याकडे असते तशी कानात घालायची नळी छातीला लावत. ती त्यांनी फार पूर्वी मोठ्या घड्याळांचा आवाज ऐकायला घेतली होती. समोर एक चकचकीत जुनं घड्याळ ठेवून ते अर्धा मिनिट मोजत, दुप्पट करत आणि वहीत लिहीत. मग उठून खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. अशा चार फेऱ्या. पुन्हा बसून मोजायचं, लिहायचं. "एकशे चव्वेचाळीस. आलो टप्प्यात," असं म्हणाले की आई लगेच टीव्हीचा आवाज बंद करत.

साऱ्या घराचा कारभारच त्या आकड्यावर चालत होता. चहा पातळ. जिना उतरायचा झाला, म्हणजे डॉक्टरांकडे जायचं असलं, की आई एक घडीचं स्टूल घेऊन पुढे चालत आणि दर सात पायऱ्यांनी ते उघडून देत. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा विनोद छान सांगत. एकदा त्यांनी एक विनोद सांगितला आणि बाबांचे ठोके कमाल मर्यादेला, एकशे बावन्नाला, दोनच कमी राहिले. तेव्हापासून आजोबांना आमच्याकडे फक्त हवामानावर बोलायची परवानगी होती.

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं लंबकाचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं. त्या स्वतः दोन जिने चढून आल्या आणि म्हणाल्या, "माणसाएवढं घड्याळ आहे हो, ते काय काखोटीला मारून आणू? तुम्हीच या ना घरी."

"बाई, मी घरोघरी जाऊन काम करत नाही. पूर्वी दुकान टाकून येता यायचं नाही. आता हृदय टाकून येता येत नाही."

"हृदय बरोबर घेऊनच या की."

बाबा इतके खूश झाले की आईंनी बाईंना घाईघाईने दारापर्यंत पोचवलं.

मी आल्याच्या दुसऱ्या रविवारी बाबांनी मला बोलावलं. "या, शास्त्रज्ञबाई. आज तू मोज. दोन माणसांनी मोजलेलं माप एक यायला हवं, असं तुमच्याकडे म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग बघू, तुमची प्रयोगशाळा पाण्याशिवाय दुसरं काही मोजू शकते का."

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी अंगठ्याखालीच, चांगली ठसठशीत लागत होती. अर्ध्या मिनिटात तेहेतीस.

"सहासष्ट," मी म्हणाले.

बाबा गालातल्या गालात हसले. चुकीचं उत्तर यायचीच वाट बघत असलेले मास्तर हसतात तसं. "तूही यंत्रासारखंच मोजलंस. डॉक्टरांकडचं ते बोटाला चिमटा लावायचं यंत्र सहासष्टच दाखवतं. पोराने पाठवलेलं ते काळं घड्याळ, ज्याला उघडायला झाकणसुद्धा नाही, तेही सहासष्टच दाखवायचं. ठेवून दिलंय खणात."

"तिन्ही ठिकाणी सहासष्टच आले, बाबा."

"तिघांनीही अर्धे सोडले." त्यांनी नळी माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक छातीला लावलं. "ऐक. लब. डब. किती झाले?"

मी नळी कानात घट्ट बसवली.

"दोन झाले. घड्याळाचं चक्र डावीकडे गेलं, एक ठोका. उजवीकडे आलं, दुसरा ठोका. टिक वेगळी, टॉक वेगळी. एकेचाळीस वर्षं हेच मोजत आलोय. डॉक्टर लोक अख्खा झोका मोजतात आणि त्याला ठोका म्हणतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, त्यांचा दोष नाही. मी त्यांचा आकडा सुधारून घेतला."

"पण मनगटावर एकच लागतो ना?"

"मला मनगटावर काही लागतच नाही." त्यांनी अंगठा आणि तर्जनी माझ्यापुढे धरली. चिमट्याने दोन्हीच्या टोकांना घट्टे पडले होते, पिवळट, नखासारखे टणक. "म्हणून कानाने मोजतो. कान अजून शाबूत आहेत."

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. अक्षर मोत्यासारखं. वय अडुसष्ट, म्हणून कमाल एकशे बावन्न. विश्रांतीचे ठोके, डॉक्टरांच्या सहासष्टवर बारीक रेघ मारून, एकशे बत्तीस. शिल्लक वीस. टप्पा, एकशे बेचाळीस ते एकशे सेहेचाळीस.

"वीस," बाबा म्हणाले. "माणसाजवळ अडुसष्टाव्या वर्षी वीसच ठोके शिल्लक असतात म्हटल्यावर जपून वापरायला नकोत?"

मोजमापात चूक सापडली की आधी आपलंच माप पुन्हा तपासायचं, ही सवय हाडात मुरली आहे. सोमवारी प्रयोगशाळेत दुपारच्या सुट्टीत मी तो हिशेब पुन्हा मांडला. बाबांचे एकशे बत्तीस चूक नव्हते. ते त्यांच्या मापातले होते. दोनशे वीस हा आकडा मात्र डॉक्टरांच्या मापातला होता. एक गोष्ट फुटात, दुसरी मीटरात, आणि वजाबाकी तशीच केलेली. आमच्याकडे नव्याने आलेली मुलं पहिल्या महिन्यात हीच चूक करतात. बाबांच्या हातून ती झाली ती अडाणीपणामुळे नव्हे, त्यांना स्वतःचं काम जरा जास्तच चांगलं येत होतं म्हणून.

नऊ फरशांच्या चार फेऱ्यांनी त्यांचे ठोके सहासष्टचे बहात्तर होत होते. बहात्तर! आणि जिन्यात उतरताना ऐंशी झाले की त्यांच्या वहीत एकशे साठ, म्हणजे कमाल मर्यादेच्याही वर. त्यामुळे ते सातव्या पायरीवर स्टुलावर बसत. गेले आठ महिने तो माणूस एका कड्याच्या टोकावर उभं राहिल्यासारखा जगत होता, आणि तो कडा फक्त वहीत होता.

मी आधी आईंना सांगितलं, स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं भांडं त्यांनी बराच वेळ पुसलं.

"म्हणजे यांना काही झालेलं नाही?"

"झालं होतं. आता बरे आहेत. चालायला हवं होतं, ते चाललेच नाहीत."

"आठ महिने मी ते स्टूल वाहिलं," आई म्हणाल्या.

"हो."

"आठ महिने पातळ चहा प्यायले."

"तो आपण सगळ्यांनीच प्यायला."

"तू पंधरा दिवस प्यायलीस, तुझं काय घेऊन बसलीस!" मग त्यांनी पुसलेलं भांडं मांडणीवर ठेवलं. "तू सांग त्यांना. मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर शास्त्र होईल."

मी दोन दिवस चालढकल केली. अवघड काय होतं, तर चूक दाखवून देणं नव्हे. बाबा चष्मेवाल्यांना जे सांगत आले होते, हृदय काय म्हणतं बघू, ते वाक्य त्या चुकीवर उभं होतं. हिशेब दुरुस्त झाला की हृदय बाजूला होणार आणि बाबांना स्वतःला बोलावं लागणार. पण रविवार जवळ आला होता. गुरुवारी कामावरून आल्यावर मी एक कोरा कागद घेऊन टेबलापाशी बसले.

"बाबा, एक शंका आहे. तुम्ही एका मिनिटात एकशे बत्तीस मोजता. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या मापात तेच बरोबर आहे. मग दोनशे वीस हा आकडा कुणाच्या मापातला?"

त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "डॉक्टरांच्या."

"म्हणजे तोही सुधारून घ्यायला हवा."

"चारशे चाळीस," ते हळूच म्हणाले. बोट कागदावर थांबलं. "चारशे चाळीस वजा अडुसष्ट."

"अडुसष्टही दुप्पट करायचे. सगळं एका मापात."

"वय दुप्पट?"

"हो. एकशे छत्तीस."

आई दारात उभ्या होत्या. "एकशे छत्तीसाव्या वर्षी तब्येत चांगली राखलीय म्हणायची."

बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलून वजाबाकी केली. तीनशे चार. त्यातून एकशे बत्तीस गेले, एकशे बहात्तर. खाली रेघ मारली. पुन्हा केली. मग कागद उलटा करून मागच्या बाजूला सगळं डॉक्टरांच्या मापात केलं. एकशे बावन्न वजा सहासष्ट, शहाऐंशी. टप्पा एकशे नऊ ते एकशे सव्वीस. दोन्ही बाजू उजेडाला धरून बघितल्या, जणू एकीतून दुसरी आरपार दिसणार होती.

"शहाऐंशी शिल्लक," ते म्हणाले.

"हो."

"वीस नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे मी आठ महिने व्यायाम केलाच नाही?"

"खुर्चीतून उठण्याचा केलात," मी म्हणाले.

"आणि मी स्टूल उचलण्याचा," आई म्हणाल्या. "अगं, माझे मोज. मी नक्की टप्प्यात असणार."

बाबा हसले नाहीत. वही उघडून ते एकेक पान मागे नेत गेले. एकशे चव्वेचाळीस, एकशे बेचाळीस, एकशे चव्वेचाळीस. मला वाटलं ते रागावतील. मला निदान, मोठी आली शहाणी, असं काहीतरी ऐकावं लागेल. पण ते एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र चांगलं काढलंय."

"फारच चांगलं."

"गिऱ्हाइकाने असं मोजून आणलं असतं, तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं." वही मिटली. "आता कारण राहिलं नाही."

"कशाचं?" आईंनी विचारलं.

"कशाचंच नाही," बाबा म्हणाले, आणि भिंग डोळ्यावर ओढून घेतलं.

शनिवारी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. ठोके कमी करणारी गोळी आपण बंद केली आहे ना, याची त्यांनी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "दोनशे वीसचा फॉर्म्युला हा अंदाज असतो, दहा-बारा इकडे तिकडे चालतं. सावकाश सुरुवात करू द्या. छातीत दुखलं, फार धाप लागली तर थांबा. आणि तुम्ही बरोबर जा." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "मी त्यांना दर वेळी विचारायचो, रोज चालता ना, टप्प्यात? ते म्हणायचे, अगदी टप्प्यात. इतका शिस्तीचा पेशंट मला मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. बाबा आठ महिन्यांत पहिल्यांदाच बुटाच्या नाड्या बांधत होते. आई सवयीने स्टूल घेऊनच बाहेर आल्या. बाबांनी त्या स्टुलाकडे बघितलं, आईंनी बाबांकडे बघितलं.

"असू दे," आई म्हणाल्या. "मला बसायला."

दोन जिने न थांबता उतरलो. खाली मी मनगट धरलं: अठ्ठ्याऐंशी. सपाट रस्त्यावर शंभर. बाबा दर वेळी आकडा ऐकून त्याची दुप्पट तोंडातल्या तोंडात करत आणि पुन्हा अर्धी करत. चढ सुरू झाला तशी त्यांची चाल जड झाली, पण थांबले नाहीत. विजेच्या तिसऱ्या खांबापाशी एकशे बारा.

"टप्प्यात आलात," मी म्हणाले.

"खरंच?"

"हो, आता खरंच."

त्यांना थोडा घाम आला होता. वरच्या ओठावर, आणि कानामागे. बोटाने त्यांनी तो टिपला आणि चुकीच्या जागी तेल पडलंय की काय अशा नजरेने बोटाकडे पाहिलं. आई मागून म्हणाल्या, "घाम आलाय हो यांना!" आणि एवढ्या आनंदाने म्हणाल्या की रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं.

दुकानाशी पोचलो तेव्हा एकशे अठरा होते. शटरवर धूळ, कुलपाला गंज. चष्मेवाले त्यांच्या दारात काच पुसत उभे होते. आम्हाला बघून फडकं तसंच हातात राहिलं.

"काका! तुम्ही चालत आलात?"

"दोन मिनिटं थांबा," मी म्हणाले. "श्वास घेऊ दे त्यांना."

आम्ही थांबलो. चढ संपल्यावर उभं राहिलं की ठोके उतरायला हवेत. दोन मिनिटांत नव्वदच्या घरात यायला हवे होते. मी मनगट धरून मोजत होते. एकशे सोळा. एकशे वीस. बाबा शटरकडे बघत होते. याच शटरच्या आत आठ महिन्यांपूर्वी ते काउंटरवर कोसळले होते. एकशे चोवीस. माणूस एका जागी उभा, आणि ठोके चढत होते. डॉक्टरांच्या कागदावर या वाढीसाठी जागा नव्हती. माझ्या शिक्षणातही मला याचा हिशेब कुणी सांगितला नव्हता. मी मनगट सोडलं नाही, एवढंच.

"किती?" बाबांनी विचारलं.

"एकशे चोवीस."

"टप्प्यात?"

"टप्प्यात."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उघडलं. शटर वर गेलं तसा आतून बंद खोलीचा आणि जुन्या तेलाचा वास आला. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळांना थांबली होती. बाबा उंबऱ्याच्या आत दोन पावलं गेले, काउंटरवर तळहात ठेवून उभे राहिले. काउंटरची धूळ त्यांनी पुसली नाही.

आईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मी फडकं आणते. उद्या सकाळी सगळं धुऊन काढते. डबा मी अकरापर्यंत पाठवेन."

चष्मेवाले फडक्याची घडी करत म्हणाले, "बरं झालं काका. खरंच. मी खालची जागा घेतो मग. मला वाईट नाही वाटलं."

"तुम्ही जरा थांबता का?" बाबा म्हणाले.

सगळे थांबले.

"गेले सहा महिने मी तुम्हाला म्हणत होतो, बघू. आजारी माणूस म्हणून दुकान दिलं असतं, तर ते मी दिलं नसतं. ते माझ्याकडून गेलं असतं. म्हणून मला हो म्हणवत नव्हतं." त्यांनी मागे वळून चढाच्या रस्त्याकडे पाहिलं. "आज कळलं, मी येऊ शकतो. रोज येऊ शकतो. उद्या साडेनऊला शटर उघडायला माझी काही हरकत नाही."

"मग उघडा की हो," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"एकेचाळीस वर्षं मी याच जागी बसलो. पाठीची कमान झाली, पण एकदा म्हणून कुणाच्या घरचं लंबकाचं घड्याळ जागच्या जागी बघितलं नाही. ज्यांना ते उचलून आणता आलं नाही, त्यांना मी परत पाठवलं. किती असतील अशी घड्याळं? या चढाच्या दोन्ही बाजूंनाच पन्नास असतील, सगळी बंद." ते आईंकडे वळले. "आणि अगं, टेबल तुझं. आजच आवरतो. तिथे मी पुन्हा बसणार नाही. माझी पेटी उचलून चालत जाईन, चालत येईन. टप्प्यात."

"अहो, नक्की काय म्हणताय ते एकदा सरळ बोला ना!" आई म्हणाल्या. "या चष्मेवाल्यांनी किती दिवस ताटकळायचं?"

बाबांनी काउंटरवरचा हात उचलला. धुळीत पाची बोटं उमटली होती.

"दुकान तुम्ही घ्या," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. "उद्यापासून मी लोकांच्या घरी जाऊन घड्याळं दुरुस्त करणार आहे."